ढब्बूची गुरगुर

बायको : पट्टा नीट धरलायस ना?

नवरा : धरलाय गं. हाताला दोन वेढे दिलेत. मुसकंही बांधलंय, बघ.

बायको : ते सकाळी बांधायचं होतं.

नवरा : बाळाला काही झालंय का? बाही फाटली, बस्स.

बायको : बाही फाटली, बस्स? बाहीच्या आत हात होता. दहा महिन्यांच्या पोराचा हात, माझ्या दोन बोटांएवढा!

नवरा : हळू बोल, दवाखाना आहे. ती मांजरवाली बाई बघतेय.

बायको : बघू दे. मी दूध उतरवायला आत गेले. तुला म्हटलं, बाळाकडे बघ. तू ‘हो’ म्हणालास.

नवरा : बघतच होतो.

बायको : मोबाइलमध्ये.

नवरा : कामाचा फोन होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत तीन माणसं...

बायको : आणि घरात चौसष्ट किलोचा कुत्रा आणि आठ किलोचं पोर होतं.

नवरा : तो वाईट नाहीये. लेक दीड वर्षाची होती, तेव्हापासून आहे तो आपल्याकडे. त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपते ती.

बायको : तेच आठवतंय सकाळपासून. मी फोटो काढत बसायचे रे, कौतुकाने!

नवरा : ताईला फोन केलास ना तू? ऐकलं मी.

बायको : केला. आजच आणा म्हणाली. तिच्याकडे पोरंबाळं नाहीत, मागे अंगण आहे.

नवरा : माझा कुत्रा, माझी बहीण, आणि मला न विचारता?

बायको : हो. न विचारता.

(आतून हाक येते. दोघं कुत्र्याला घेऊन तपासणीच्या खोलीत जातात.)

डॉक्टर : या, या. अरे बापरे, हा ढब्बू? पहिल्या लशीला आला तेव्हा माझ्या मांडीवर मावला होता. टेबलावर नको, उभाच राहू दे. हं, काय झालं? सरळ सांगा. रंगवून नको आणि झाकूनही नको.

नवरा : खिडकीपाशी पडला होता. बाळ रांगत गेलं आणि त्याचा मागचा पाय धरून उभं राहायला लागलं. तर हा वळला, आणि...

बायको : खटकन. मी दारातून पाहिलं. तोंड उघडलं आणि बाही धरली. मी किंचाळले, तेव्हा सोडली. हातावर लाल रेघ आहे, रक्त नाही. मुलांच्या डॉक्टरांना दाखवूनच आलो आम्ही.

डॉक्टर : बाळ आता कुठे आहे?

बायको : दोन्ही पोरं शेजारच्या मावशींकडे.

डॉक्टर : बरं. वळायच्या आधी हा गुरगुरला?

बायको : अजिबात नाही. हूं नाही की चूं नाही. गुरगुरला असता तर मी धावले नसते का?

डॉक्टर : नवल आहे. बहुतेक कुत्री आधी सांगतात. जरा मानेला धरा याला. मागचा पाय थोडा ताणून बघते... हळूच... हां, असा...

नवरा : ए! गप! ढब्बू, गप!

डॉक्टर : थांबा. तो गुरगुरायला लागला होता.

नवरा : म्हणून तर ओरडलो. तुम्हाला काही केलं असतं म्हणजे?

डॉक्टर : पण तुमच्या एका शब्दावर गप्प झाला. कान बघा कसे मागे गेलेत. शेपूट पोटाखाली. अंगाला कापरं भरलंय, आणि आवाज मात्र नाही. हे त्याला कुणी शिकवलं?

नवरा : शिकवलं म्हणजे...

बायको : म्हणजे काय?

नवरा : काही नाही गं.

बायको : माझ्याकडे बघून बोल.

नवरा : गुरगुरला होता. याआधी. दोनतीनदा.

बायको : कुणावर?

नवरा : बाळावर. बाळ जवळ गेलं की. पहिल्यांदा तू कामावर होतीस, तुझी रविवारची पाळी होती. मी पेपरची गुंडाळी करून त्याच्या नाकावर दोन ठेवून दिल्या. पुन्हा केलं, पुन्हा दिल्या. मग थांबला. मला वाटलं, शिकला.

बायको : कधीची गोष्ट?

नवरा : झाले असतील... तीन आठवडे.

बायको : तीन आठवडे. आणि मी रोज बाळाला त्याच खोलीत खाली सोडत होते. त्याच सतरंजीवर.

नवरा : तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी त्याला घराबाहेर काढलं असतंस.

बायको : काढलं असतं की नसतं, ते मला ठरवू द्यायचं होतंस!

डॉक्टर : मी जरा मध्ये बोलू? गुरगुरणं हे त्याचं बोलणं आहे. ‘लांब राहा’, एवढंच म्हणत होता तो. ते बोलणं तुम्ही बंद पाडलंत. दुखणं तसंच राहिलं.

बायको : दुखणं? कसलं दुखणं?

डॉक्टर : पाय ताणला की कळवळतोय. सोफ्यावर चढतो हल्ली?

नवरा : नाही. मोठा झाला, शहाणा झाला, म्हणायचो आम्ही.

डॉक्टर : आणि उठतो कसा?

बायको : आधी पुढचे पाय. मग बराच वेळ तसाच बसून राहतो. मग मागचे. आळशी म्हणून हसायचो आम्ही त्याला.

डॉक्टर : गुंगीचं औषध देऊन एक्स-रे काढते. अर्धा तास बाहेर बसा तुम्ही.

नवरा : इथे बस. पंख्याखाली.

बायको : नको. उभी आहे ती बरी आहे.

नवरा : काहीतरी बोल ना.

बायको : काय बोलू? सकाळपासून त्याची भीती वाटत होती. आता तुझी वाटतेय. उद्या बाळ पलंगावरून पडलं, तर तू मला सांगशील? की मी घाबरेन म्हणून गिळून टाकशील?

नवरा : सांगेन.

बायको : आज म्हणतोयस.

नवरा : मला वाटलं, मी निस्तरेन. लिफ्ट बिघडली की मी जातो, दुरुस्त करतो, परत येतो. आतल्या माणसांना कळतही नाही काय झालं होतं ते. सवयच झालीय तशी.

बायको : मी आतलं माणूस नाहीये रे. मी तुझी बायको आहे.

डॉक्टर : या आत. झोपलाय तो. ही फिल्म बघा, मी समजावून सांगते...

बायको : द्या इकडे. हेच काम करते मी, माणसांचे एक्स-रे काढते. हा खुबा ना? आणि वाटी... एवढी उथळ? गोळा अर्धा बाहेर आहे हो! आणि दुसऱ्या बाजूलाही तेच.

डॉक्टर : मोठ्या जातींत होतं हे. सांधा मुळात नीट बसत नाही, त्यात अंगाचं वजन वाढत जातं. मग प्रत्येक पावलाला घासतं.

बायको : आणि बाळाने तोच पाय धरला. सगळा भार टाकून.

डॉक्टर : हो.

बायको : असा खुबा घेऊन माणूस आमच्याकडे स्ट्रेचरवर येतो.

नवरा : आणि मी त्याला पेपरने...

डॉक्टर : आता ते राहू द्या. औषधं देते. वजन उतरवायचं. शस्त्रक्रियेचं नंतर बघू.

नवरा : दुखणं थांबलं की मग भीती नाही ना?

डॉक्टर : असं मी लिहून देणार नाही. आज दात रुतले नाहीत, कारण त्याने रुतवले नाहीत. पण उद्याचं मला सांगता येत नाही. कुणी छातीठोक सांगितलंच, तर त्याचं ऐकू नका.

बायको : तुमच्या घरी असता तर?

डॉक्टर : माझी पोरं लहान होती तेव्हा दोन धिप्पाड कुत्रे होते घरात. बाळ खाली असलं की कुत्रे दाराच्या पलीकडे. मी आंघोळीला गेले, तरी दार बंद. सासूबाई म्हणायच्या, हिने घराचा तुरुंग केलाय. म्हटलं, असू दे.

नवरा : ताईकडे सोडून येतो त्याला. आत्ताच. मी आडकाठी करणार नाही.

बायको : मला बोलू देशील? ताईकडेच जाईल तो, दुखणं उतरेपर्यंत. तोवर तू पुढच्या खोलीला दार कर. छातीइतकं उंच, लोखंडी, आपल्या आपण लागणारं. अख्ख्या गावाच्या लिफ्टची दारं बसवतोस, घरात एक बसव. मग बघू. आणीन, असं म्हणत नाहीये मी. बघू म्हणतेय.

नवरा : बरं. आणि लेकीला काय सांगायचं? उंबऱ्यातच उभी असेल ती.

बायको : त्याचा पाय दुखतोय, म्हणून आत्याकडे गेलाय. खरंच आहे ते. आणि तू त्याला मारलंस, तेही सांगायचं. तू सांगायचंस, मी नाही.

नवरा : चार वर्षांची आहे ती. कट्टी घेईल माझ्याशी.

बायको : घेऊ दे.

डॉक्टर : गुंगी उतरायला अजून वेळ लागेल हं. गाडीपर्यंत उचलूनच न्यावा लागणार. आणि माझा मदतनीस एक्स-रे झाल्यावर लगेच घरी गेला.

नवरा : मी नेतो. एकटा नेतो. तू लांब हो, तुला आधीच त्याची भीती बसलीय.

बायको : एकटा नेणार म्हणे! कंबर धरून बसशील. तू पुढून घे.

नवरा : आणि मागून?

बायको : मागून मी घेते. सरक. खुब्यावर ताण येता कामा नये.