उसात पडलेले सहा चेंडू

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, मैदान समितीच्या प्रमुख मिलाग्रोसबाई. गेली बावीस वर्षं आपल्या ऊसवस्त्यांतून बेसबॉलचे खेळाडू हेरणारे सत्कारमूर्ती एलिगियोसाहेब. साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची टोपी विराजमान आहे, तिलाही नमस्कार. आणि बोकडाच्या रश्श्याच्या वासाने वेळेआधी जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला बोलायला उभं केलंय, कारण तीन वर्षं साहेबांची जीप मी हाकली. त्याआधी मी मासेमारीच्या बोटीवर होतो. तिथे एकदा असा शार्क... असो, बाई डोळे वटारताहेत.

साहेबांची थोरवी काय सांगावी? आयुष्यात एकही चुकीचा मुलगा त्यांनी निवडला नाही. निवडलेच तीन. डोळ्यांना दिसेल तेवढंच कागदावर, हा त्यांचा नियम. फटका किती लांब गेला? चेंडू पडेल तिथवर साहेब स्वतः पावलं मोजत जाणार, गुडघे कुरकुरले तरी. अशी निष्ठा आज कुठे उरली आहे?

आता बाईंचा धाकटा, आपला यान्दिएल. कॅचर, बॅटवाल्याच्या मागे बसून झेलणारा. उकिडवा बसलेला पोरगा उठतो कधी आणि चेंडू दुसऱ्या बेसवर पोचतो कधी, कळत नाही. गेल्या पावसाळ्यात साहेबांनी घड्याळ लावलं, खूश झाले. मग बॅटिंग. चेंडू मीच टाकले, सहा. सहाही कुंपणावरून पलीकडच्या उसात. ऊस दोन पुरुष उंच. साहेब कुंपणापाशी जाऊन चवड्यांवर उभे राहिले.

"कुठे पडला?"

"उसात, साहेब."

"उसात कुठे?"

"लांब. ते बगळे उडाले ना, तिकडे."

"मला पडताना दिसला का?"

"नाही."

"मग पडलाच नाही."

आणि वहीत लिहिलं: फेक उत्तम, फटका दिसला नाही.

बाई तिथेच होत्या. म्हणाल्या, "अहो, पायाशी घरंगळला असता तर दिसला असता ना?"

"अर्थात, बाई. तेवढं तरी लिहिता आलं असतं."

त्याच दिवशी आलेला दुसरा पोरगा, नेल्किन. त्याचे चेंडू मैदानातच पडले. साहेबांनी पावलं मोजली, 'फटका मध्यम' लिहिलं. नेल्किन आज बेसबॉलच्या अकादमीत आहे, तीन वेळा जेवतो. आमचा यान्दिएल मोटरसायकलवर सवाऱ्या नेतो. नियम म्हणजे नियम!

येत्या रविवारी यान्दिएलला अठरा पूर्ण होतील. अठरा झालेल्या पोराकडे इथे कोण बघतं, हे या सभागृहाला मी सांगायचं? साहेबांच्या सहीची शेवटची यादी आज जेवणानंतर राजधानीला निघते. त्यात यान्दिएलच्या नावापुढे अजून तेच आहे: दिसला नाही.

पण मंडळी, परवा तोडणी झाली. कुंपणापासून कारखान्याच्या रस्त्यापर्यंत रान मोकळं आहे. कोंबडी पडली तरी दिसेल. यान्दिएल बॅट घेऊन बाहेर उभा आहे, आणि चेंडू टाकायला मी आहेच.

काय म्हणालात, साहेब? जरा मोठ्याने. 'आज माझा निरोप समारंभ आहे'? होय साहेब, म्हणूनच घाई. उद्या तुम्ही नसाल, आणि तुमची वही नवीन साहेब डोळे मिटून मानतील. तुमच्या शब्दाला एवढं वजन आहे, त्याला आम्ही काय करणार?

'जेवण गार होईल' म्हणताहेत.

बाई म्हणाल्या, "मी झाकून ठेवते. बावीस वर्षांत एकदा गार खाल्लंत तर काही होत नाही तुम्हाला."

टाळ्या नकोत, मंडळी, साहेब काहीतरी शोधताहेत. वही? वही टोपीखाली आहे, साहेब. उठले! वाट द्या, खुर्च्या सरकवा.

आपण माझी बडबड निमूट ऐकलीत, आभारी आहे. जीभ कुठे घसरली असेल तर अडाणी समजून पोटात घाला. आणि साहेब, बुटाच्या नाड्या घट्ट बांधा. बरंच चालायचंय.