दुसऱ्या पाइपाचा आवाज

बाबा: पंप पुन्हा बंद कर.

तेम्वा: चौथ्यांदा? लिलाँग्वेत लाइटसुद्धा एका सकाळी चारदा जात नाही, बाबा.

बाबा: जाते. आणि घात होतो तो परत येते तेव्हा. पंप खालच्या टाकीतलं पाणी वर माशांच्या टाकीत फेकू लागतो, वरून खाली यायचा पाइप तुंबलेला असला की सगळं काचेवरून थेट तुझ्या गालिच्यावर.

तेम्वा: माहितीये. गालिचा मीच दोन दिवस वाळवत होते. पाइपाला कांद्याच्या पोत्याची जाळीही मीच लावली होती, पिल्लं वाहून जातील म्हणून. पन्नासदा कबूल केलंय.

बाबा: मी काही बोललो का?

तेम्वा: बोलत नाही, तेच तर! नुसत्या येरझाऱ्या. मक्याचा न्सिमा ताटात गार झाला. बस साडेबाराला आहे. उद्या गावी न्खाता बेला आईच्या कबरीच्या नव्या दगडावरचं कापड काढायचंय, काकांनी बकरा आणून बांधलाय, सगळं गाव जमणार. आणि तुम्ही या काचेपुढून हलत नाही. तीस वर्षं सरोवरात बुड्या मारून लोकांसाठी जिवंत मासे धरलेत, अजून हौस फिटली नाही?

बाबा: घरात तीन दिवस कोणी नाही. ती पिवळी मादी बघ. तोंडात अंडी धरून बसलीय, बारा दिवस घास घेतला नाही तिनं.

तेम्वा: न्यिरेंडाबाईंकडे किल्ली ठेवलीय.

बाबा: भिंतीपलीकडून त्यांना काय कळणार, पाइप तुंबलाय ते?

तेम्वा: म्हणून तर दुसरा पाइप बसवलात ना? मग आता यालाही एक बारीकशी जाळी—

बाबा: हात लावू नकोस! याला जाळी नाही, कॉक नाही, काही नाही. पाण्याच्या दोन बोटं वर तोंड, एरवी कोरडा. पहिला तुंबला तरच यानं पाणी घ्यायचं. आता पहिल्यात स्पंज कोंब. घट्ट. लाव पंप.

तेम्वा: लावला. चढतंय पाणी.

बाबा: चढू दे.

तेम्वा: बाबा, काठाला आलं!

बाबा: थांब. बंद करू नकोस.

(दुसरा पाइप मोठ्यानं गुरगुरू लागतो. पाणी काठाच्या एक बोट खाली थांबतं.)

तेम्वा: बापरे, केवढा आवाज! रस्त्यावर ऐकू जाईल. गप्प नाही का करता येणार याला?

बाबा: येईल. पण करायचं नाही. हा बोंबलला की न्यिरेंडाबाई येऊन पंप बंद करतील. सगळं ठीक असेल तेव्हा गप्प, अडचणीत आला की ओरडतो. असंच हवं. तुझ्या आईला चार दिवस ताप होता, तेम्वा. मी शेजारी झोपत होतो. हूं की चूं केलं नाही तिनं. पाचव्या दिवशी मी सरोवरावर गेलो, आणि परत आलो तर…

तेम्वा: ठाऊक आहे, बाबा.

बाबा: एकदा ओरडली असती, तर मी पाण्यात उतरलोच नसतो.

तेम्वा: आणि तुम्ही?

बाबा: मी काय?

तेम्वा: तुमच्या छातीत कळ येते, हे मला न्यिरेंडाबाईंनी सांगितलं. शेजारणीनं! मंगळवारी पायरीवर घाम पुसत बसला होतात. मी विचारलं, तर म्हणे पाइप कापून दमलो.

बाबा: पाइप जाड होता.

तेम्वा: बाबा!

बाबा: ओरडू नकोस.

तेम्वा: ओरडणार. आत्ताच काय म्हणालात?

बाबा: तो स्पंज काढ आधी.

तेम्वा: काढला.

बाबा: पंप चालू राहू दे. बस साडेबाराला म्हणालीस?

तेम्वा: हो.

बाबा: दवाखाना स्टँडच्या अलीकडेच आहे ना? मग आत्ताच निघू. इथे दुखतं, डाव्या बाजूला. ईस्टरपासून.