माप आतच हाय

बालाघाटच्या बसस्टँडवर लेथवाल्या कमलाताई त्यांच्या कारागिरावर, चैतरामवर, खेकसत होत्या. दोघांच्या मधात लोखंडी पंप.

"आतल्या खाचेत मापाचा कॅलिपर जात नाही म्हणून ठसा घ्याले सांगतला. प्लास्टर काहून ओतलं?"

"मी दरसाल गणपती प्लास्टरचाच ओततो, ताई. सटकन निघते."

"कारण साचा रबराचा असते, तो वाकते! हा पंप वाकन का? दातवाल्या डॉक्टरकडचं रबर आणून देलतं ना तुमाले?"

"ते लिबलिबीत. त्याचं माप काय घ्याचं?"

"आता हे अडकलं ना खाचेत!"

"पाण्यात ठेवलतं. विरघळलंच नाही."

"तलावातला तुमचा गणपती विरघळला का कधी?"

ताईंचा फोन वाजला. उकव्याहून पंपवाले साहेब.

"हौ साहेब, उकव्यालेच येऊन राह्यलो. माप? घेतलं ना. पंपातच हाय."