आईची कंबर

दाताच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या एका बाईंचे कान टवकारले. शेजारी एक शिंपी आणि त्याची लेक लॅपटॉपात डोकं घालून बसले होते.

"बाबा, आईचं नवं माप घातलं की तुमचा मापांचा प्रोग्राम अडतोय. 'आईची_कंबर'च्या आधी कॉन्स्ट का लिहिलंत?"

"का? चुकलं?"

"कॉन्स्ट म्हणजे एकदा दिलेला आकडा कायमचा! बाकी गिऱ्हाइकांना लेट लिहिलंयत, ते बदलतात."

"मग बरोबरच आहे. लग्नात अठ्ठावीस होती, अठ्ठावीसच राहील."

"अहो, मग तिला कपडे बसतात कसे?"

"शिवताना चार बोटं सैल सोडतो. बोलू नकोस कुठे."

आतलं दार उघडंच होतं. गालाला रुमाल लावून आई बाहेर आली.

"चार कसली? सहा! दरवेळी मोजते मी."