नव्या फर्नेसचा जोड

अमेरिकेतल्या डुलुथ गावात, हार्डवेअरच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभी होती.

"इन्ग्रिड, भांड्यांचा साबण कशाला?"

"घर गरम करायची नवी फर्नेस बसवलीत ना, तिच्या गॅसच्या जोडाला लावायला. गळत असेल तर बुडबुडे येतील."

"जोड मी केलाय. मेन स्विच बंद करून तारा जोडल्या, अर्थिंग दिलं, गॅसच्या पाइपच्या आट्यांवर गळती रोखणारी पिवळी टेप गुंडाळली."

"आणि गळती कशी तपासली, बाबा?"

"नाकाने. चांगला हुंगत बसलो होतो. कसलाही वास नाही."

"त्या तापानंतर तुमचं नाक गेलंय. सकाळी टोस्टचा कोळसा झाला, तरी शेजारी बसून पेपर वाचत होतात. निघताना गॅसचा कॉक मीच बंद करून आले."

"बरं, घे साबण. पण नाकाचं आईला सांगू नकोस. 'तुझ्या वेलदोड्याच्या पावाचा काय सुंदर वास सुटलाय,' असं अजूनही रोज दारातूनच सांगतो मी तिला."