आबांच्या कॉलरवरची गांधीलमाशी

तुम्ही हसाल, पण मला पहिली शंका आली ती पर्समधली गुणगुण थांबली तेव्हा. मी साक्रीहून धुळ्याला एसटीने येत होते आणि पर्समध्ये, तोंडाला फडकं बांधलेल्या बरणीत, एक गांधीलमाशी होती. तेव्हा मी माश्या-मुंग्या ओळखायला शिकत होते आणि ही कॉलेजच्या मॅडमना जिवंत दाखवायची होती. पाहिलं तर पर्सची चेन अर्धी उघडी आणि बरणीवरचं फडकं सुटलेलं. माशी पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या एका आबांच्या कॉलरवर, मानेला अगदी लागून.

"आबा, हलू नका," मी पुटपुटले.

शेजारच्या अक्कांनी विचारलं, "चावस का ती?"

"मादी असली तर डंख मारते. नराला डंखच नसतो."

"मंग ही काय शे?"

"एका मिशीचे तुकडे मोजावे लागतात. बारा असले तर मादी, तेरा असले तर नर."

"मंग मोज ना माय. शिकेल शे ना तू?"

मी भिंग काढलं. सातपर्यंत पोचले आणि खड्डा आला. पुन्हा एकपासून. अक्काही माझ्याबरोबर मोठ्याने मोजू लागल्या. अकराला माशीने पंख हलवले आणि माझं मोजणं पुन्हा चुकलं.

"आबा," मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "ऐकताय ना?"

"मी कव्हापासून दगड व्हयी बठेल शे, पोरी," आबा डोळे न उघडता म्हणाले. "तू फक्त बारावर थांबू नको."