एकसष्ट सालची सायकल

मिस्त्री : हात लावून बघा ना वहिनी. ब्रेकच्या या सळ्या मिळवायला सात महिने लागले. नव्या मिळतात हो ढिगानं, पण त्यांचा वाकच वेगळा.

बायको : छान झालीय. ओळखूच येत नाही.

मिस्त्री : तीच तर गंमत. भाऊंच्या वडिलांनी दुकानातून बाहेर काढली तेव्हा जशी होती, अगदी तशी. सायकल एकसष्टची, तर सगळं एकसष्टचंच. चेनकव्हर एका दूधवाल्याच्या मागे लागून मिळवलं, दिवा कुणाच्या तरी माळ्यावर सापडला. भाऊंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एक स्क्रू जरी नंतरचा निघाला तरी माझं नाव बदला.

बायको : आणि ती सीट?

मिस्त्री : ही काय. अस्सल चामडं.

बायको : ही नाही. पुढची. दांडीवरची छोटी, लाल रेक्झिनची. पाय ठेवायला दोन्ही बाजूंना सळी होती तिला.

मिस्त्री : ती होय! ती कुठली एकसष्टची? ती फार अलीकडची. कुणीतरी बाजारातून आणून कसली होती.

बायको : मीच आणली होती.

मिस्त्री : अस्सं.

बायको : आज न्यायला आलेय. तिचं रेक्झिन फाटलं होतं, ते बदलायला तुमच्याकडे ठेवलीय म्हणाले हे.

मिस्त्री : माझ्याकडे? नाही वहिनी. काढलेला माल महिन्याच्या शेवटी भंगारवाला नेतो. ती पहिल्याच महिन्यात गेली. दीड वर्ष होऊन गेलं. भाऊंनी स्वतः उतरवून ढिगावर ठेवली होती.

बायको : स्वतः?

मिस्त्री : मीही म्हटलं, असू दे. मुलं मोठी झाली की कोण बसतंय तिच्यावर.

बायको : मोठी नाही झाली. साडेपाच वर्षांची होती.

मिस्त्री : वहिनी...

बायको : दांडीवर तिनं खिळ्यानं चार रेघा ओढल्या होत्या. ओरडले होते मी तिला.

मिस्त्री : रंगाआधी सगळं घासलं. मीच घासलं. भाऊ दर रविवारी इथं बसायचे, पण एका शब्दानं बोलले नाहीत हो. मला आपलं वाटलं, नादिष्ट माणूस आहे.

नवरा : मिस्त्री, मिळाली घंटी! आवाज ऐका आधी. ...तू? तू इथं कशी?

बायको : सीट न्यायला आले होते.

नवरा : मी सांगणारच होतो तुला.

बायको : दीड वर्ष रोज एका घरात राहतो आपण. तिचे कपडे तुमच्या बहिणीनं वाटून टाकले, मी गप्प बसले. म्हटलं, एवढी एक वस्तू तरी येईल परत. मी कोनाड्यात जागा करून ठेवलीय तिला.

मिस्त्री : मी जरा बाहेर थांबतो.

नवरा : थांबा मिस्त्री. तुम्हालाही फसवलंच मी. पोर गेल्यावर महिन्याभरानं सायकल काढली होती. कामावर जायला. अर्ध्या वाटेत एक ओळखीचे हसून म्हणाले, मान अवघडलीय का? तेव्हा लक्षात आलं. हनुवटी वर धरून चालवत होतो. तिचे केस तोंडात जायचे ना.

बायको : मला का नाही सांगितलंत?

नवरा : काय सांगणार? सायकल टाकवत नव्हती, वडिलांची. आणि तिच्यावर बसवतही नव्हतं. मग डोक्यात आलं, हिला मागे न्यायचं. पार वडिलांच्या वेळेपर्यंत. तेव्हा ती नव्हती. म्हणजे गेलीही नव्हती.

बायको : आणि मी? तेव्हा मीही नव्हते.

(मिस्त्री फडक्यानं पुसलेलंच मडगार्ड पुन्हा पुसतो.)

नवरा : चुकलं माझं. फार चुकलं.

बायको : चालवून बघितलीत?

नवरा : सकाळी. मागच्या गल्लीत एक चक्कर.

बायको : मग?

नवरा : मान वरच होती.

मिस्त्री : वहिनी, मी भंगारवाल्याकडे आत्ता जाऊन येतो. एखादे वेळेस...

बायको : नको मिस्त्री. दीड वर्षात काय उरलं असेल. तुमचा काही दोष नाही. तुम्ही काम चोख केलंत.

नवरा : घरी जाऊ या?

बायको : चालत नाही यायची मी. सायकलवरून न्या.

नवरा : कॅरियर नाही गं हिला. एकसष्टला नव्हता.

बायको : मग दांडीवर बसते. तुम्ही मान वरच धरा.